गोडं पाणी

घरामागे मिठाच्या पाण्याचा पोहायचा तलाव बांधला तेव्हा धाकट्याने सगळ्या गोतावळ्यात एकच टिमकी वाजवली: आमच्या पाण्यात क्लोरीन नाही. धादांत खोटं. तलावाला जोडलेलं यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं, हे बसवणाऱ्याने त्याला समोर बसवून सांगितलं होतं. पण हातात पैसा खुळखुळायला लागला की माणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

मग एक दिवस यंत्रावर लाल दिवा लागला. मीठ कमी. धाकट्याने गोणी ओतली, दिवा जाईना. आणखी ओतली. ही काय भाजी आहे का, अंदाजाने मीठ घालायला, असं बायको म्हणाली तर तिच्यावरच खेकसला. शेवटी बसवणाऱ्याला बोलावलं. त्याने यंत्र खोललं. आतल्या पत्र्यांवर चुन्याचं जाड पुट. मीठ कमी नव्हतंच, पुटामुळे यंत्राला ते कळत नव्हतं. आता मीठ भलतंच जास्त झालंय, अर्धं पाणी उपसा आणि गोडं भरा, उपसलेलं गटारातच सोडा, मातीत एक थेंब नको, असं दोनदा बजावून तो गेला.

गटार पुढच्या दाराला. म्हणजे पाइप दिवाणखान्यातून न्यायचा, नव्या गालिच्यावरून. धाकट्याने पाइप मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकला आणि पंप चालू केला.

पलीकडे वहिनीची बाग होती. थोरला गेल्यापासून ती आणि तिची झाडं, एवढाच तिचा संसार. त्या आठवड्यात ती लेकीकडे गेली होती. पाणीच तर आहे, झाडांना बरंच, असं धाकट्याने मनाला पटवलं. मनही त्याचंच, पटकन पटलं.

वहिनी परतली तोवर माती वरून कोरडी झाली होती. आधी गुलाबाच्या पानांच्या कडा जळल्या. मग जाई कोमेजली. मग लिंबाने पानं टाकायला सुरुवात केली, हिरवी, करपलेली, सगळीच. वहिनीने खत बदललं, मुळं उकरून पाहिली, वाळवी शोधली. धाकटा तलावात उताणा पडून भिंतीपलीकडचं तिचं पुटपुटणं ऐकायचा. माझाच हात वाईट, माणूस टिकला नाही, झाडं कुठली टिकणार. हे ऐकल्यावर तो कान पाण्याखाली बुडवायचा. पोहणं मात्र बंद केलं नाही. निर्लज्जपणालाही चिकाटी लागते.

मग तिने निरोप धाडला. घर विकून लेकीकडे कायमची जाते. लिंब वाळलाय, येऊन तेवढा तोडून दे.

तो करवत घेऊन गेला. शेजारची म्हातारी पायरीवर बसली होती. तिच्याकडे बघत वहिनी कौतुकाने म्हणाली, "याची आई गेली तेव्हा हा एवढासा होता. माझ्या हातचं खाऊन वाढला. धाकटा खाल्ल्या मिठाला जागला हो."

करवत खोडाला लागली होती, ती तिथेच थांबली. म्हातारी उठून जाईपर्यंत तो खोडाकडे बघत राहिला. आजारपणात त्याच्या उशाशी बसून याच बाईने रात्री काढल्या होत्या. उद्या ती घर विकणार, स्वतःच्या हातांना दोष देत दुसऱ्याच्या घरात जाऊन बसणार, आणि याच्या तलावात पाणी निळंशार राहणार.

"वहिनी, तुझा हात वाईट नाही," तो म्हणाला. "तलावाचं पाणी मी इकडे सोडलं. खारं. मला सांगितलं होतं सोडू नको म्हणून."

तिने वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि थुंकली.

"केव्हा?"

"तू लेकीकडे होतीस तेव्हा."

"म्हणजे मी रोज इथे बसून स्वतःला शिव्या देत होते, ते ऐकू येत होतं तुला?"

त्याने मान डोलावली. तिने शिवी द्यावी, कानफटात मारावी, असं त्याला फार वाटलं. ती पदराला हात पुसत राहिली.

"करवत ठेवा खाली, भाऊजी," ती म्हणाली. "घर मी विकत नाही. तुम्ही या आता."

उभ्या जन्मात तिने त्याला भाऊजी म्हटलं नव्हतं. अहोजाहो तर नाहीच.

तो गेला नाही. तिच्याच नळाखाली बादली लावली आणि जाईच्या मुळाशी गोडं पाणी ओतायला लागला, मीठ खाली खोल जावं म्हणून, एकामागून एक बादल्या. वहिनीने आत जाऊन दाराला कडी घातली. ती खिडकीतून बघतेय का, हे मान वर करून पाहायची त्याची छाती झाली नाही.