ताईच्या लॅपटॉपवरची चौदा कुलपं

ताईच्या लॅपटॉपला चौदा कुलपं मीच लावली. ती फक्त म्हणाली होती, "मी नेटवर काय वाचते, ते ह्यांना संध्याकाळी सगळं ठाऊक असतं. जरा बघ ना." माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. 'जरा बघ' असं कुणी म्हटलं की माझ्यातला दीडशहाणा जागा होतो.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, ज्या कंपनीत होते तिचा धंदाच मुळी लोकांना ओळखण्याचा. दुकानांच्या, बातम्यांच्या, सल्ल्याच्या, अशा हजारो वेबसाइटवर ही कंपनी एक न दिसणारा पहारेकरी बसवायची. एकदा येऊन गेलेलं माणूस परत आलं की तो ओळखणार. त्याला नाव लागत नाही, पासवर्ड लागत नाही. स्क्रीन केवढा, फॉन्ट कोणते, काय चालू, काय बंद, एवढ्यावरून तो बोटाच्या ठशासारखा ठसा घेतो. दाजी हे जेवताना कौतुकानं सांगायचे आणि ताई खाली मान घालून जेवायची.

ताई कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, ती मेणात एकेक दात बसवते, चावा जुळतो का बघते, मग घासून गुळगुळीत करते. सगळं काम उजव्या मनगटावर. तेच मनगट दाजींनी एका रविवारी पिरगाळलं, कारण आदल्या दिवशी तिनं घटस्फोटाची माहिती वाचली होती. मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि मला तिच्या घरून बोलावणं आलं.

दाजी ऑफिसात असताना मी तिच्या ओट्यापाशी लॅपटॉप घेऊन बसलो. गिऱ्हाइकांना मी ब्राउझरमध्ये दोन अ‍ॅड-ऑन घालून देतो. एक जाहिराती आणि असले पहारेकरी अडवणारं, दुसरं मागावर राहणाऱ्या फायली पुसणारं. आमच्या लायनीतले बहुतेक लोक हेच देतात. पण ही माझी सख्खी बहीण! तिला दोनावर कसं भागेल? स्क्रीनचं माप खोटं सांगणारं घातलं, फॉन्ट लपवणारं घातलं, ब्राउझरचं नाव बदलणारं घातलं. असं करत करत चौदा झाली. ताई डाव्या हातानं चहा ढवळत म्हणाली, "बास रे, मशीन उठेल का तरी?"

"तू गप बस. आता तुझ्या सावलीलाही कुणी ओळखणार नाही."

मग ब्राउझर कितपत ओळखू येतो ते तपासणाऱ्या एका साइटवर मी गेलो. हिरव्या खुणांची रांग लागली. सगळ्यात खाली एक ओळ होती, तपासलेल्या तीन लाख ब्राउझरांत तुमच्यासारखा दुसरा नाही. ती ओळ मी वाचली. असेलच कसा, मनात म्हटलं, एवढं कोण कुणासाठी करतं! छाती फुगवून घरी आलो.

प्लास्टर निघालं आणि एका मंगळवारी ताई दोन बॅगा आणि लॅपटॉप घेऊन निघून गेली. कुठल्या शहरात, ते फक्त मला माहीत. टायरच्या दुकानाच्या वर कवळ्यांची एक छोटी लॅब होती, तिथे तिला काम मिळालं. महिन्याभरानं तिचा फोन आला. आवाज इतका मोकळा, की मला वाटलं चुकीचा नंबर लागला.

"अरे, ही दातांच्या सामानाची साइट उघडतच नाही. मालक खोळंबलेत."

"तेवढ्या साइटपुरतं ते जाहिराती अडवणारं बंद कर. बाकीची तेरा आहेत ना."

तेरा होती. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसे आम्ही दोघं.

त्यानंतर नवव्या दिवशी दाजींचा फोन आला. दुकानात एक प्रिंटर उघडून बसलो होतो.

"काय मेव्हणे, आभार मानायला फोन केला."

"कसले आभार?"

"अरे, लाखो लोक जातात आमच्यासमोरून. सगळे सारखेच. तुझी ती दोन-दोनवाली गिऱ्हाइकं तर एकमेकांपासून वेगळीसुद्धा करता येत नाहीत मला. पण भर उन्हात कानटोपी, रेनकोट आणि काळा चष्मा घालून एकच बाई फिरत असेल, तर तिला कोण विसरेल? घरी असताना तिचा लॅपटॉप उघडून हा ठसा मी घेऊन ठेवला होता. परवा दुसऱ्या शहरातून दिसला, दातांच्या सामानाच्या साइटवर. तिथे सात लॅब आहेत. चौथीत सापडली."

माझ्या हातातला स्क्रू पडला, तो मला आजही सापडलेला नाही.

फोन करण्याआधीच दाजी लॅबमध्ये जाऊन खुर्चीवर बसले होते. मालकाला सांगत होते, माझी बायको आहे, डोक्यानं जरा अशी आहे, घरी न्यायला आलोय. ताई मागच्या जिन्यानं उतरली, अंगावर अ‍ॅप्रन तसाच. एक अर्धवट कवळी तिच्या खिशात राहिली. लागलेली नोकरी सुटली आणि खोलीही सुटली, कारण दाजी मग खोलीवरही गेले.

तीन दिवसांनी ती दुकानात आली. लॅबमधल्या मैत्रिणीनं खोलीतून आणून दिलेला लॅपटॉप तिनं काउंटरवर ठेवला. दाजी काय बोलले ते मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होती.

"तुला आधी कळायला काही मार्ग नव्हता ना रे?" तिनं विचारलं.

नाही म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता. जीभ तशी वळलीही होती.

"तपासणीत आलं होतं. असा ब्राउझर दुसरा नाही म्हणून. मी वाचलं होतं."

"मग मला बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, चांगलंच आहे."

"तुला वाटलं." ती हसली. तसलं हसणं शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. "आणि लोकांना दोन घालून देतोस. मलाही लोकांसारखं वागवलं असतंस तर?"

ती उठली. मी दारात आडवा झालो.

"कुठे जातेस? निदान शहर तरी सांग."

"नाही."

"अगं, मी भाऊ आहे तुझा."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि माझा हात बाजूला करून गेली.

याला सात महिने झाले. लॅपटॉप फळीवर आहे. त्याच्यावरची चौदाच्या चौदा मी काढून टाकली, उगाचच. काल एक बाई म्हणाल्या, "दोनच काय घालता? मुलीचा लॅपटॉप आहे, आणखी घाला की." मी म्हटलं, "दोनच मिळतील. जास्तीचे लाड करायचे तर दुसरं दुकान बघा." त्या पुटपुटत गेल्या.

माझ्या दुकानाच्या वेबसाइटवर कोण येऊन गेलं त्याची यादी दिसते. आधी कधी बघायचो नाही, आता रोज दुकान उघडलं की बघतो. सगळे सारखेच असतात. त्यांत ताई असली तरी मला ओळखू येणार नाही. तिचं भलं त्यातच आहे, हे मला कळतं, आणि तरी मी यादी शेवटपर्यंत बघतो.