तारेचं टोक

ऑर्व्हिलने बुटाखाली कासवाची पाठ दाबून धरली आणि कवचाच्या मागच्या कडेला गिरमिटाने भोक पाडलं. कासवाने मान लांब करून फावड्याचा दांडा जबड्यात पकडला होता. तो सोडायला ते तयार नव्हतं.

“आवाजही कसा करत नाही ते?” त्याच्या बायकोने, आर्डिथने विचारलं.

“तोंडात काही असलं की सगळेच गप्प बसतात. तू सोडून.”

“तू भोक पाड मुकाट्याने!”

मे महिन्यापासून परसातल्या तळ्यातली तिची चार बदकं गेली होती. पोहता पोहता बदक एकदम खाली ओढलं जायचं. वर थोडे बुडबुडे, मग तेही नाहीत. उरलेली बदकं तिने खुराड्यात कोंडली होती. शनिवारी चर्चमध्ये कासवाच्या सूपचं जेवण होतं. तोवर ते जिवंत राहायला हवं, म्हणून ऑर्व्हिलने भोकात लांब तार ओवली, दुसरं टोक काठावरच्या मेखेला बांधलं आणि चावरं कासव पाण्यात परत सोडलं.

“लाइलसाठी वाटीभर बाजूला काढ हं,” ती म्हणाली.

“या खेपेला फारच लांबवलं त्याने.”

“येईल. त्याचं दरवर्षीचंच आहे हे.”

लाइल तिचा धाकटा भाऊ. थंडी पडली की कुणाला न सांगता निघायचा, गोठलेल्या तळ्यावरून आडवाटेने हमरस्ता गाठायचा आणि मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे जायचा. बर्फ वितळलं की हसत दारात उभा. यंदा जून लागला होता. त्याच्यासाठी लावलेला मागच्या पायरीवरचा दिवा आर्डिथ दिवसाही मालवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तार विलोच्या झाडाखालच्या कोपऱ्याकडे ताठ झाली होती. तिथे तळातून झरा येतो, आणि कडाक्याच्या थंडीतही बर्फ पातळच धरतं. ऑर्व्हिलने कासव ओढून बाहेर काढलं, मेख पार समोरच्या काठावर ठोकली. संध्याकाळी तार तळं ओलांडून पुन्हा त्याच कोपऱ्याकडे गेलेली होती.

“गार पाणी मानवत असेल त्याला,” आर्डिथ म्हणाली. “नाहीतर खायला असेल काही तिथे चिखलात.”

ऑर्व्हिल काठावर उभा राहिला. तो तारेकडे बघत राहिला.

लहानपणी आर्डिथने ऑर्व्हिलच्या वडिलांना असंच उभं राहिलेलं पाहिलं होतं. नदीत बुडालेलं माणूस सापडेना, की लोक त्यांना बोलावत. ते पोत्यात एक कासव आणि तारेचं वेटोळं घेऊन येत. कासव प्रेताच्या वासाने जाऊन तार ताणली जाईपर्यंत काठावर कुणी बोलत नसे.

“शनिवारसाठी मी दुसरं पकडून आणतो,” ऑर्व्हिल म्हणाला.

“का? हे काय वाईट आहे?”

“याचं सूप नको, आर्डिथ.”

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

ती वाकली आणि तारेवर दोन बोटं ठेवली. तार हलत होती, थांबून थांबून, पलीकडे कुणी सावकाश काहीतरी तोडत असावं तशी. तिने बोटं झग्याला पुसली.

“बाहेर काढ ते,” ती म्हणाली. “आधी त्याला तिथून बाहेर काढ.”

ऑर्व्हिल मनगटाला तार गुंडाळू लागला. ती घराकडे गेली. थोड्या वेळाने मागच्या पायरीवरचा दिवा विझला.