कोरी काच

मकबूलने काच भिंगाखाली सरकवली, तेलाचा थेंब सोडला आणि ती इकडून तिकडे फिरवत राहिला. मग नेहमीसारखा मान वर न करताच म्हणाला, "नाही."

जंतू नाही, असा त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला कारकून ते लिहून घेणार, इतक्यात चन्नबसप्पा उठले. प्रयोगशाळेतले ते सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. त्यांनी ती काच काढून खिडकीकडे धरली.

"मकबूल, ह्याच्यात रक्तच न्हाय. जंतू कुठून यायचा?"

धुऊन वाळत ठेवलेल्या काचांच्या ताटातली ती कोरी काच होती. हात चुकून तिकडे गेला होता. कारकून खो खो हसला, मकबूलही हसला. पण हसता हसता तो थांबला. कोरी काच त्याने इतर काचांइतकाच वेळ बघितली होती, आणि ती कोरी आहे असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. मग सकाळपासूनच्या रक्ताच्या काचा तरी त्याने बघितल्या होत्या का?

एकसष्ट साल होतं. उस्मानाबादच्या हिवताप केंद्रात पावसाळा सरताना पेट्यांवर पेट्या येत. गावोगाव फिरणारे कामगार ताप आलेल्या माणसाचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेत आणि ती काच इकडे पाठवत. तिसरा तंत्रज्ञ सोलापूरला नोकरी लागून निघून गेला, तेव्हा त्याचा वाटा मकबूलने आपणहून ओढून घेतला. "मकबूलच्या नजरेतून काही सुटत नाही," असं केंद्राचे प्रमुख मार्तंड डॉक्टर एकदा सर्वांदेखत म्हणाले होते. ते वाक्य खोटं पडू द्यायची त्याची तयारी नव्हती.

तसं पाहिलं तर खुणा बऱ्याच दिवसांच्या होत्या. जेवणाला चव लागत नव्हती. बायको अन्वरी काही सांगू लागली की शब्द ऐकू येत, अर्थ मात्र लागत नसे. शुक्रवारी मशिदीतून बाहेर पडला की कुणाशी न बोलता घर गाठायचा. त्याला वाटलं, डोळे बिघडले. सोलापूरला जाऊन तपासून आला. डोळे उत्तम निघाले, तेव्हा त्याला उलट वाईटच वाटलं.

डबा खाताना चन्नबसप्पा हळूच म्हणाले, "डॉक्टरांकडं जा. चूक झाली म्हनून सांगू नको. दिसंना झालंय म्हनून सांग."

"अप्पा, जागा तात्पुरती आहे माझी. काढून टाकतील."

"टाकतील बी. पर तू न्हाय म्हनलास आनि तिथं ताप असला, तर?"

डॉक्टरांनी आधी डोळ्यांचंच विचारलं, मग दोन दिवस रजा घे म्हणाले. मकबूलला तिथंच थांबता आलं असतं. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"साहेब, डोळे चांगले आहेत. काच समोर असते, मी बघत नाही. या आठवड्यातलं माझं एकही उत्तर खरं धरू नका."

डॉक्टरांनी चन्नबसप्पांना बोलावलं. त्या सगळ्या काचा दोघांनी वाटून पुन्हा बघायच्या असं ठरलं, आणि मकबूलला दिवाळीपर्यंत घरी पाठवलं. परत घेणार की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यालाही विचारवलं नाही.

तो अन्वरीला घेऊन येडशीला, थोरल्या बहिणीकडे गेला. फरिदाबीचा नवरा रेल्वे स्टेशनवर कामाला होता. पहिले काही दिवस मकबूल नुसता झोपला. उठायचा, जेवायचा, पुन्हा आडवा व्हायचा. पाहुणा आलाय की गाठोडं, कळंना झालंय, असं फरिदाबी नवऱ्याला त्याच्यादेखत म्हणे आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाके.

मग तो फिरायला लागला. आधी स्टेशनापर्यंत, पुढे रामलिंगाच्या झाडीत. एका दुपारी ओढ्याकाठी बसला असताना एका पानावर त्याला मसुराएवढ्या गाठी दिसल्या. नखाने एक फोडली, तर आत पांढरी अळी वेटोळं घालून बसलेली. दुसरी फोडली तर रिकामी, आणि तिला बारीक भोक. त्याने आणखी पानं तोडली. भोक नेहमी गाठीच्या खालच्याच अंगाला का, याचा विचार करत तो घरी निघाला, तेव्हा ऊन कलून गेलं होतं. उत्तर त्याला मिळालं नाही. पण कुणी सांगितलेलं नसताना आपण इतका वेळ काहीतरी बघत होतो, हे त्याच्या वाटेत ध्यानात आलं आणि तो थोडा वेळ रस्त्यातच उभा राहिला.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्याला परत घेतलं. समोर बसवून त्यांनी सांगितलं की त्याने 'नाही' म्हटलेल्या त्या आठवड्यातल्या एका काचेत जंतू निघाले. भूमकडची एक बाई. पुरतं औषध पोचलं, आता बरी आहे. मकबूलने मान खाली घातली. मग तो म्हणाला की दिवसाला एक ताट काचा बघेन, त्याहून जास्त नाही. वरून विचारणा होईल, डॉक्टर म्हणाले. होऊ द्या, असं मकबूल म्हणाला नाही, पण तो उठलाही नाही. शेवटी डॉक्टरांनी हो म्हटलं आणि रिकाम्या जागेसाठी वर पुन्हा लिहायचं कबूल केलं.

पुढच्याच आठवड्यात जळकोटचा कामगार नागप्पा दुपारी पेटी घेऊन आला. मकबूलचं ताट नुकतंच संपलं होतं.

"उद्या बघतो."

"लई लांबून आनलंय, साहेब. तुमच्या हाताला घटकाभराचं काम."

"रक्त घेतलं तेव्हा हिवतापाच्या पहिल्या गोळ्या दिल्यास सगळ्यांना?"

"दिल्या की. त्याबिगर रक्त घेतंय व्हय कोन?"

"मग उद्या सकाळी."

साहेबलोकांचं बरंय, असं काहीसं पुटपुटत नागप्पा गेला. मकबूलने पेटीतल्या काचांवर झुरळं चढू नयेत म्हणून तिचं झाकण दाबून बसवलं. खिडकीत अजून चांगला उजेड होता. अर्धी पेटी सहज झाली असती. भूमकडच्या त्या बाईचा विचार मनात आला, आणि मनातून गेला नाही. त्याने भिंगावरचं तेल पुसलं, सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं आणि चपला पायात सरकवल्या.