कान कापलेल्या मांजरी

अड्याळले भैयाजीची धानाची गिरणी होती. तिथं मी, शकुन, झाडझूड करायची, तांदूळ पाखडायची. आता गुडघे बोंबलतात, पण जिभेले काही झालं नाही, म्हणून सांगते.

गिरणीत मांजरी बेसुमार झाल्या होत्या. धानाच्या पोत्यामागं पिल्लं, कोंड्याच्या ढिगात पिल्लं, साऱ्या एकाच राखाडी रंगाच्या. उंदीर मारत, हे खरं. पण घराघरांत शिरून दूधही पीत, मग बाया तणतणत येत अन् ऐकून घ्यायले मी. एक दिवस भैयाजी चिडले. खिळ्यावर एक रिकामं पोतं टांगलं अन् म्हणाले, "नवा धान आल्यावर इथं एकही पिल्लू दिसलं, तर साऱ्यायले ह्यात भरून वैनगंगेपार सोडतो."

त्या साऱ्यांत माही भुरी होती, हनुवटीखाली पांढरा ठिपका असलेली. मले लेकरू नव्हतं. दुपारी शिदोरी सोडली की भुरी येऊन मांडीवर बसे. नदीपार तिले कोण घास देणार होतं?

मी गेली ढोरांच्या दवाखान्यात, टेकचंद डॉक्टरकडे. म्हणलं, "गोऱ्ह्यायले खच्ची करता, तर मांजरींचं काहून नाही करत?" तेव्हा माणसांच्या नसबंदीचा गाजावाजा नुकताच होऊन गेलेला, त्यायले वाटलं मी थट्टा करून राहिली. मग माहं तोंड पाहून म्हणाले, "धरून आण, बघू."

कोंबड्या झाकायची बांबूची डाल काडीवर तिरपी उभी करायची, खाली सुकट ठेवायची, काडीले सुतळी. मांजर शिरली की ओढायची. डॉक्टर बेशुद्ध करून ऑपरेशन करत, अन् टाके सुकले की मी तिले परत गिरणीत सोडायची. झालेली कोणती, राहिलेली कोणती कळावं म्हणून आम्ही पाठीवर गेरू लावला, पोळ्याले बैलांच्या शिंगाले लावतो तोच. लय शहाणपणा केला असं वाटलं होतं.

अन् तान्हा पोळा आला. पोरांनी आपले लाकडी बैल रंगवले, गेरू उरला, तर माह्या मांजरी रंगवल्या. ज्या हाती लागल्या नाहीत, त्यांच्यावर लांबून शिंपडला. सकाळी पाहते तर सारी गिरणी लाल. पोरांच्या आयांले मी जे बोलली, ते इथं सांगत नाही.

आता झालेली कोणती ते कळेना, म्हणून साऱ्यायले पुन्हा धरणं आलं. पहिलीच डालीत अडकली ती डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल, फिसकारून राहिली होती. डॉक्टरांनी तिले बेशुद्ध करून पोट पुसलं, तर तिथं जुन्या टाक्यांची खूण. हनुवटी पुसली, तर खाली पांढरा ठिपका. भुरी होती.

डॉक्टरांनी त्या बेशुद्धीतच तिच्या डाव्या कानाचं टोक कापलं. "ही खूण पोरायले रंगवता येत नाही," म्हणाले. पण भुरी काही उठेना. दिवस कलला, दवाखान्याचा शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला, मी तिले पदरात घेऊन रडत बसली. अंधारता अंधारता तिनं माहं बोट चाटलं, तेव्हा डॉक्टरही चष्मा पुसत बाहेर गेले.

नवा धान यायच्या आत साऱ्यांची ऑपरेशनं अन् कान झाले. भैयाजीनं स्वतः पोती सरकवून पाहिलं, पिल्लू एकही नाही. पोतं खिळ्यावरच राहिलं.

मग वर्षं गेली. मांजरी म्हाताऱ्या होत, कोंड्याच्या उबेत झोपत अन् एकेक करून गेल्या. शेवटी भुरी गेली. गिरणीमागच्या बोरीखाली तिले पुरली. त्यानंतर मशीन थांबली की गिरणी इतकी सुनी वाटे की मले शिदोरी गोड लागत नसे.

एका दुपारी भैयाजी करडी गावाहून आले. तेही थकले होते. हातात तेच खिळ्यावरचं पोतं, अन् पोतं हलून राहिलं होतं. मी हातातलं सूप खाली ठेवलं. त्यांनी ते माह्या पुढ्यात सोडलं. आतून एक राखाडी पिल्लू निघालं अन् सरळ माह्या मांडीवर चढलं.

भैयाजी दुसरीकडे पाहत म्हणाले, "शकुनबाई, हिचा कान एवढ्यात नको कापू."