महालक्ष्मीच्या कोठीतले वीस हजार

"औसा, तुळजापूर मार्गे सोलापूरकडे जाणारी गाडी..."

लातूर बसस्थानकाच्या माईकवर दयानंदचं वाक्य इथेच अडकलं. टेबलावरच्या फोनवर सुकन्याचं नाव तिसऱ्यांदा झळकत होतं. दोनदा कापूनही बायको पुन्हा फोन करते, म्हणजे घरी काहीतरी बिनसलेलं असणार. "फलाट क्रमांक चारवर उभी आहे" एवढं घाईने सांगून त्याने माईक बंद केला.

"अहो, पैसे कपाटात न्हाईत."

"साड्याच्या खाली बघ नीट."

"बघून झालं सगळं. आत्याबाईंनी घेतलेत, आत्ता त्यांनीच सांगितलं. कोठीत ठेवलेत, लक्ष्मीच्या मुखवट्याखाली."

आज महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता आणि क्रेडिट कार्डाच्या शेवटच्या हप्त्याचाही आजचाच शेवटचा दिवस होता. आणि महालक्ष्म्या घरात असताना तीन दिवस दमडीसुद्धा उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हा दयानंदच्या आईचा, कस्तुराबाईंचा नियम साऱ्या गल्लीला पाठ होता.

"गुपचूप काढू का मी?" सुकन्याने हळूच विचारलं.

"नको. मी येतो. तू आज काही बोलू नको."

त्या पैशांची गोष्ट कस्तुराबाईंच्या गुडघ्यांपासून सुरू होते. दोन वर्षांपूर्वी त्या भिंत धरून चालायला लागल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदला म्हणून सांगितलं. पीएफमधून निघाले तेवढे दयानंदने काढले आणि उरलेले एक लाख वीस हजार क्रेडिट कार्डावर टाकले. आईला मात्र सांगितलं, की सरकारी योजनेत फुकट झालं. दुसरं काही सांगायची सोयच नव्हती. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर दिवस मावळायच्या आत परत करणारी बाई ती. कर्जाच्या गुडघ्यांवर उभी राहायला ती कधीच तयार झाली नसती.

पण कार्ड म्हणजे बुड फुटलेली घागर निघाली. महिन्याला चार-पाच हजार भरूनही आकडा जागचा हलेना. शेवटी नांदेडला बँकेत कामाला असलेल्या भाचीने, तनुजाने, वाट दाखवली. एका दुसऱ्या बँकेच्या नव्या कार्डावर ही उधारी उचलून न्यायची. तिथे सहा महिने व्याज नाही, सुरुवातीला एकदाच थोडी फी.

"पण मामा, ध्यानात ठेवा," ती म्हणाली होती, "ही माफी न्हाई, व्याजाला सहा महिन्यांची सुट्टी हाय. त्या कार्डावर साधी काडीपेटी घ्यायची न्हाई. आन एक जरी तारीख चुकली, तर मागच्या सगळ्या महिन्यांचं व्याज एकदम अंगावर येईल. पंधरा हजार तरी धरून चाला."

सहा महिने नवरा-बायकोने पोटाला चिमटा घेतला. दयानंद सुट्टीच्या दिवशीही ड्युटीवर गेला. सुकन्याने गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, सणाच्या आठवड्यात तर मशीनवरून उठलीच नाही. पाचवा हप्ता कमी पडला तेव्हा सोबत काम करणाऱ्या बसवंतकडून उसने घेऊन भरला. त्यामुळे आज पुन्हा त्याच्यापुढे हात पसरायची सोय नव्हती. शेवटच्या वीस हजारांत कमी पडणारे पैसे ब्लाउजचं शेवटचं गिऱ्हाईक काल दुपारी देऊन गेलं. आज सकाळी भरून मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं.

आणि काल संध्याकाळीच महालक्ष्म्या आल्या. सुकन्या पुढे कुंकवाची पावलं उमटवत गेली आणि मागून मुखवटा घेऊन दोन वर्षांत पहिल्यांदा कस्तुराबाई स्वतः चालत निघाल्या. लक्ष्मीला घर दाखवायचं असतं, हे स्वयंपाकघर, हे धान्य, ही तिजोरी. तिजोरी म्हणजे पत्र्याचं कपाट. ते उघडलं तर साड्यांखाली नोटांची गड्डी! म्हातारीला काय हर्ष झाला. सुकन्या तोवर पावलं उमटवत पुढे गेली होती, तिला हे दिसलंच नाही. गड्डी कनवटीला लावून त्यांनी थेट लक्ष्मीचं धड म्हणून उभ्या केलेल्या धान्याच्या कोठीत, गव्हावर ठेवली आणि वर मुखवटा बसवला.

बसवंतच्या हाती माईक देऊन दयानंद घरी आला, तेव्हा पुरणाचा वास दारापर्यंत आला होता. कस्तुराबाई ओट्याशी उभ्या राहून पोळी उलटत होत्या. आईला असं उभं बघून त्याला आजही बरं वाटायचं. त्यामुळे तर जीभ आणखीच जड झाली.

"माय, ते पैसे लागतात. आत्ता."

"याड लागलं का रं? परवा घे. लक्ष्म्या बसल्यात घरात."

"परवा चालत न्हाई, माय." आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं, योजनेचं खोटं, कार्ड, सहा हप्ते. सांगताना तो आईकडे न बघता तव्याकडे बघत होता. पोळी करपली, तरी कोणी ती काढली नाही.

"म्हंजे वरीसभर मी गल्लीत खोटं सांगत फिरले?"

"हाव."

"मला इचारायचं न्हाई?"

"इचारलं असतं, तर तू करू दिलं असतंस?"

कस्तुराबाईंना राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. त्यांनी सुकन्याच्या हाताकडे पाहिलं. सुईने चाळण झालेली ती बोटं त्यांनी रोज पाहिली होती आणि सुनेला पैशाचा लोभ सुटलाय, असं मनातल्या मनात म्हटलंही होतं. ते आठवून त्या ओशाळल्या. गॅस बंद करून, हात धुऊन त्या महालक्ष्म्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सुकन्या, मुखवटा उचल."

"आत्याबाई, बसवलेल्या लक्ष्म्या हलवायच्या?"

"उचल तू. तिला मी सांगते." मग मुखवट्याकडे बघून त्या एखाद्या बहिणीशी बोलावं तशा बोलल्या, "जरा सरकून घे गं माय. तू बी लेकराबाळांची हायेस."

सुकन्याने मुखवटा उचलला. कस्तुराबाईंनी कोठीत हात घालून गड्डी काढली, गव्हाचे दाणे झटकले आणि मुखवटा पुन्हा नीट बसवून घेतला. गड्डी मात्र दयानंदच्या हातात दिली नाही.

"मी येते संगं. गुडघे माझे हायेत."

गाडीवर मागे बसायला त्या तयार होईनात. तेव्हा दयानंदने मोटरसायकल ढकलत नेली आणि आई बाजूने चालत राहिली. पैसे भरायच्या मशीनने पहिल्यांदा दोन नोटा परत फेकल्या. कस्तुराबाईंनी त्या पदराने पुसून पुन्हा आत दिल्या. पैसे खात्यात पडले. दयानंदने तिथेच उभं राहून फोनवरून हप्ता भरला. थोड्या वेळाने मेसेज वाजला.

"काय म्हणतो?"

"बाकी काहीच न्हाई म्हणतो, माय."

"काहीच?"

"शून्य."

मशीनच्या खोलीत दोघंच होते. कस्तुराबाईंनी वाकून दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"मंग आता हे माझे झाले?"

"तुझेच होते की."

"न्हाई. आजपस्तोर न्हवते," त्या म्हणाल्या. "चल, सवाष्णी उपाशी असतील."

बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. दयानंदने गाडी स्टँडवरून काढेपर्यंत कस्तुराबाई पुढे निघूनही गेल्या होत्या. कशाचाही आधार न घेता, पदर खोचून, भराभरा चालल्या होत्या. गाडी ढकलत तो मागून चालत राहिला.