मैनाच्या नावचं कार्ड

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला कुणी सांगायची गरज नाही. अमरावतीला माहेरी सगळे वकील. आवाज चढवला नाही तर भाजीसुद्धा वाढून मिळायची नाही. पण गोपाळकृष्ण मॅनेजरनं वकिलाचं पत्र माझ्या टेबलावर आपटलं, त्या दिवशी जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

एकसष्ट सालची गोष्ट. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या दवाखान्यात मी डॉक्टर होते. मैना नावाच्या कामकरणीचा उजवा हात जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या मशीनच्या, रुळात सापडला. रुळापुढची जाळी मॅनेजरनंच काढून ठेवलेली, कारण जाळी असली की काम हळू होतं म्हणे! बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. नवरा चंद्रभान मूर्तिजापूरला हमाली करायचा, घरी यायचा तो मर्जी असेल तेव्हा. मैनानं भरपाईचा अर्ज केला. पैसे आले की घरापुढे किराणाचं दुकान टाकीन, एका हातानं तराजू धरता येतो, असं ती मला सांगायची. आणि आता फॅक्टरीचे वकील कमलाकांतराव तिच्या दुखण्याखुपण्याचं सगळं कार्ड मागत होते, अगदी पहिल्यापासूनचं.

"हाताचं मागा, हाताचं देते," मी म्हटलं. "बाकीचं कशाला?"

"वकीलसाहेबांना लागतं."

"लागतं म्हणून पुढे करायला ते काय पानसुपारीचं तबक आहे? कोर्टाचा हुकूम आणा. हुकूम आला तरी कार्ड बंद पाकिटातून कोर्टाच्या साहेबांच्या हातात जाईल, आणि हुकमात असेल तेवढंच. बाया माझ्याजवळ जे बोलतात ते नवऱ्याजवळ बोलत नाहीत. तुमच्या वकिलासाठी नाही ते."

"कपाट फॅक्टरीचं, कागद फॅक्टरीचा," मॅनेजर म्हणाला.

"आणि किल्ली माझी," म्हणून मी ती पर्समध्ये टाकली.

एवढी भडकायला कारण होतं. त्या कार्डावर मैना एकटी नव्हती.

जिनातल्या बायांची एक रीत होती. कुणी बाळंतपणाला गेली की तिचा पितळी बिल्ला लावून तिची जाऊ किंवा नणंद कामाला यायची. जागा टिकायची. हजेरी बिल्ल्याच्या नावावर, मजुरीही त्याच नावावर. मुकादमाला हे ठाऊक, मॅनेजरला ठाऊक, सगळ्या जिनाला ठाऊक. दवाखान्यातलं कार्डही बिल्ल्याचंच. मी आल्या आल्या भांडले होते की बाबा, कार्ड माणसाचं असतं, पितळेच्या तुकड्याचं नसतं. पण वेगळं कार्ड काढायचं नाही, असा या मॅनेजरचा हुकूम. का? तर बदली बायका कामावर घेतो हे कागदावर यायला नको!

आदल्या हंगामात मैना दर्यापूरला बाळंतपणाला गेली आणि तिच्या बिल्ल्यावर तिची मोठी जाऊ वच्छला यायला लागली. एकदा अंग दुखतं म्हणून वच्छला दवाखान्यात आली आणि माझ्यासमोरच तिला फिट आली. शुद्धीवर आल्याबरोबर तिनं माझे पाय धरले.

"बाई, कोनाले सांगू नोका जी. सहदेवले कळलं तं मले माहेरी लावून देईन अन् लेकरं ठेवून घेईन. माह्या बहिनीचं असंच केलं तिच्या सासरच्यानं."

सहदेव तिचा नवरा. मी शब्द दिला आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्या द्यायच्या तर कशासाठी ते लिहावं लागतं, म्हणून लिहिलं. कार्डावर नाव अर्थात मैनाचं. वच्छलाला वाचता येत नव्हतं, आपलं दुखणं जावेच्या नावावर चढलंय हे तिच्या गावीही नव्हतं. फिटीचं तिनं फक्त मैनाला सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी भाच्याच्या मुंजीला अमरावतीला गेले. परत येऊन बघते तर कपाटाचं कुलूप फोडलेलं, कार्ड वकिलाकडे पोचलेलं.

"किल्ली तुमच्याजवळ होती, काय करणार?" मॅनेजर म्हणाला. काय माणूस! कुलूप फोडलं त्यानं आणि दोष माझ्या पर्सचा!

तशीच कमलाकांतरावांच्या दारात जाऊन उभी राहिले. चोरीचा माल आहे तो, परत करा, म्हणून इतकी ओरडले की शेजारपाजारचे गॅलरीत आले. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही पगार फॅक्टरीचा घेता, डॉक्टर." जळो तो पगार!

मग मैनाला गाठलं. सगळं सांगितलं. "ते फिटीचं वाचून दाखवतील. म्हणतील, हिला फिट आली म्हणून हात गेला, मशीनचा दोष नाही. तू साफ सांग, ती फिट माझी नाही म्हणून."

मैनानं विचारलं, "मंग कोनाची, असं इचारतीन ना?"

मैनाच्या बिल्ल्यावर कोण होती हे सहदेवलाही ठाऊक होतं.

कोर्टाच्या तारखेला तसंच झालं. वच्छला मैनाचं पोर घेऊन बाहेर लिंबाखाली बसली होती. आत कमलाकांतरावांनी कार्ड वाचलं, फिटीच्या दिवशीची मैनाच्या नावची हजेरी दाखवली. त्या दिवशी मैना दर्यापुरात होती हे माहीत असलेला मॅनेजर शेजारी बसून मिशीतल्या मिशीत हसत होता.

साहेबांनी विचारलं, "बाई, तुला फिट येते?"

मैनानं माझ्याकडे पाहिलंच नाही. "येते जी."

मी ताडकन उठले. "साहेब, ते कार्ड बिल्ल्याचं आहे, बाईचं नाही! आणि कुलूप फोडून आणलंय ते!"

"म्हणजे ही नोंद हिची नाही? मग कोणाची?"

आता मैनानं पाहिलं. मान जरासुद्धा हलवली नाही, पण मला कळलं. हिचं दुकान एका बाजूला आणि वच्छलाची लेकरं दुसऱ्या बाजूला. हिनं निवड केली होती, आणि शब्द तर मी स्वतःच देऊन बसले होते. घशाशी आलेलं नाव मी गिळलं.

"रोग्याचं गुपित मी सांगणार नाही," मी म्हटलं.

कमलाकांतराव उठून गोड आवाजात म्हणाले, "डॉक्टरबाईंचं अगदी बरोबर आहे, साहेब. गुपित राहू द्यावं. अर्जदार स्वतःच कबूल करते आहे."

त्या माणसाचं थोबाड फोडावं असं वाटलं मला. फोडलं नाही याचं आजही वाईट वाटतं. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर आलो तर वच्छला पोराला कडेवर घेऊन धावत आली. "काय झालं व?"

"नाई झालं," मैना म्हणाली. "दवाखान्याच्या कागदात काईतरी चुकीचं निंघालं."

वच्छला गर्रकन माझ्याकडे वळली. "कागदं तुमी लिवता ना? मंग चुकीचं कावून लिवलं? येवढ्या शिकल्यासवरल्या तुमी! माह्या मैनाचा हात गेला अन् तुमाले चार अक्षरं धड लिवता नाई आली? आग लागो तुमच्या डॉक्टरकीले!"

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. दारातून मॅनेजर बघत होता, वकील बघत होता. मैना जावेच्या पाठीमागे उभी होती. फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून ती नुसती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"चुकलं माझं, वच्छला," मी म्हटलं.

"चुकलं ना? मंग द्या तिचं भरून!"