ताप ओढणारा दगड

“तापला! दगड तापला!”

गर्दी एकदम पुढे रेटली. शेंदराने माखलेल्या दगडाला पाठ टेकून एक पोर तापाने डुलत होतं आणि त्याची आई दगडावर हात ठेवून रडत होती. धुपाच्या लोटातून तापहारी महाराज गरजले, “पाहा! पोराचा ताप पत्थराने खेचला! आता दवा नाही, सुई नाही!”

रांगेत पदर पुढे ओढून उभ्या असलेल्या पुष्पाने डोळे मिटले. मागच्या महिन्यात हेच शब्द तिने इथेच ऐकले होते. तेव्हा त्या दगडाला तिची लेक खुशी टेकली होती.

उमरखेडहून पैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला असे जुने दगड ठिकठिकाणी उभे आहेत. बैलांवर धान्य-मीठ लादून फिरणाऱ्या बंजाऱ्यांनी ते रोवले. एक पाण्याची जागा सांगतो, एक नदी ओलांडायची वाट. वळणावरचा हा दगड पूर कुठवर चढतो ते सांगायचा. पुष्पाचे सासरे पूनमसिंग नातीला खांद्यावर घेऊन सांगत, “आपल्या जुन्या लोकाईनं हे लिहून ठेवलं, बेटा. फक्त अक्षरं नाही काढली.”

मग महाराज आले. दगडाला शेंदूर लागला, मागे ओटा बांधला गेला आणि पुराची खूण ताप ओढू लागली.

खुशी फणफणली तेव्हा पुष्पा म्हणाली होती, “मामाजी, दवाखान्यात नेऊ.” पण पूनमसिंगांनी खुशीला इथे आणलं. दगड तापला, म्हातारा हरखला, पोरीला घरी नेलं. दवाखाना गाठेस्तोवर डेंग्यूने पोर हातची गेली. तरी पूनमसिंग रोज येऊन दगडाला कवटाळून बसत. “पोरीची ऊब आहे ह्यात,” म्हणत. आत्ताही ते पायथ्याशी बसले होते.

पुष्पाचा नंबर आला. तिच्या मागे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर प्रेरणा होत्या.

महाराजांनी तिच्या कपाळाला हात लावला. “जबर ताप आहे, बेटी!”

ती बसली. डफडं कडाडलं, धूप उसळला, दगडाच्या माथ्यावर तीर्थ ओतलं गेलं. थोड्या वेळाने पाठीला ऊब लागली. खुशीलाही अशीच लागली असेल. पुष्पाला हुंदका आला, पण ती उठली. डॉक्टरांनी तिच्या काखेतला थर्मामीटर काढून सगळ्यांना दाखवला. “हिला ताप नाही. पहिलेही नव्हता.”

“मले ताप नव्हता, तं दगड काहून तापला, महाराज?”

महाराजांनी लगेच हात उंचावला. “तो दुःखाचा ताप, बेटी. काचेच्या नळीत दिसत नाही!”

गर्दीने माना डोलावल्या.

“मंग आता कोणी बसू नका,” पुष्पा म्हणाली. प्रवासात प्यायला आणलेली बाटली तिने उघडली आणि सगळं पाणी दगडाच्या माथ्यावर रिकामं केलं. डफडं थांबलं होतं, म्हणून ओट्याच्या आतला फसफस आवाज सगळ्यांनी ऐकला. दगड पुन्हा तापला. कोणीच टेकलं नव्हतं.

माणसांनी ओटा फोडला. दगडामागे खड्डा होता, कळीच्या चुन्याने भरलेला. माथ्यावरचं पाणी भोकातून त्यात उतरत होतं. “घर रंगवायला चुना भिजवता तेव्हा तो असाच उकळतो,” डॉक्टर म्हणाल्या. “वाफ दिसू नये म्हणून धूप, आवाज येऊ नये म्हणून डफडं.”

महाराज मोटरसायकलकडे पळाले, पण लोकांनी त्यांना धरलं.

पूनमसिंगांनी खड्ड्यात पाहिलं. “म्हणजे… आपल्या खुशीचा ताप?”

पुष्पाला खोटं बोलावंसं वाटलं, पण ती बोलली नाही. “तिच्या अंगातच होता, मामाजी. शेवटपर्यंत.”

म्हातारा मटकन खाली बसला. पुष्पाने त्याला धरलं, आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा दोघं एकमेकांना धरून रडली.

तापलेल्या पोराची आई अजून तिथेच उभी होती, काय करावं ते न समजून. पूनमसिंग उठले. त्यांनी ते पोर उचललं आणि डॉक्टरांच्या जीपमध्ये ठेवलं. मग ते रांगेकडे वळले.

“बायांनो, लेकरू तापलं तं दवाखान्यात न्या. कोणाचं ऐकू नका, सासऱ्याचंही नाही. दगड ताप घेत नाही. मी माही नात देऊन पाह्यली.”